जीर्णोद्धार : देवळाचा आणि वाहनाचा

जीर्णोद्धार हा शब्द देवळे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा ह्यांच्यापुरताच वापरण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. पडके देऊळ कोणी उभे केले की त्याचे नाव गाव पिढ्यान् पिढ्या घेते. परंतु तितकीच मेहनत, तितकीच चिकाटी आणि पुष्कळदा तितकाच जिव्हाळा एखाद्या मोडक्या यंत्रावर खर्च झाला, तर त्या कामास आपण फार तर दुरुस्ती म्हणतो, आणि करणाराचे नाव विचारीत नाही. परळी वैजनाथसारख्या गावी हा भेद विशेष जाणवतो. बीड जिल्ह्यातील हे गाव बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचे स्थान म्हणून महाराष्ट्रात पूज्य आहे, आणि तेथील मंदिराचे आजचे रूप अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात करविलेल्या जीर्णोद्धाराचे फळ होय असे मानतात. त्याच परळीत १९७१ सालापासून औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळसा, राख आणि ऊस वाहणाऱ्या ट्रकांची तेथे सदैव वर्दळ असते, आणि त्या ट्रकांना पुनःपुन्हा जिवंत करणारे मिस्त्रीही अर्थातच आहेत. अहिल्याबाईंचे नाव गावातील मूल जाणते. मिस्त्र्यांचे नाव त्यांच्या गिऱ्हाइकांपलीकडे फारसे कोणास ठाऊक नसते.

राणी आणि मिस्त्री ह्यांस एका पंक्तीस बसवावे असा आमचा आग्रह नाही. आमचे म्हणणे एवढेच की, आपल्या देशातील मोटारवाहनांचा इतिहास हा मुख्यतः नव्या वाहनांच्या निर्मितीचा इतिहास नसून जुन्या वाहनांच्या पुनर्घटनेचा इतिहास आहे. आणि तो कोणी लिहून ठेवीत नसल्यामुळे आज कायदा करताना देखील त्याची दखल घेतली जात नाही. हे म्हणणे स्पष्ट करण्यास चारही चाके जुंपलेल्या ट्रकाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ह्याला इंग्रजी बोलणारे फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणतात, आणि आमचे मिस्त्री सुटसुटीतपणे फोर बाय फोर म्हणतात.

प्रथम ह्या जुंपणीचा अर्थ पाहू. साध्या ट्रकात इंजिनाचे बळ केवळ मागच्या चाकांस मिळते. पुढची चाके नुसती ढकलली जातात. शिवाय मागच्या दोन चाकांमध्ये बळाची वाटणी करणारी जी दातेरी रचना असते, तिचा स्वभाव असा की, एक चाक चिखलात गरगर फिरू लागले की दुसऱ्याला काही उरत नाही. बालाघाटाच्या पायथ्याची काळी जमीन ज्यांनी श्रावणात तुडविली आहे, त्यांस ह्याचा अर्थ सांगावयास नको. ती माती पाणी पिऊन फुगते, चाकाला थरावर थर चिकटते आणि थोड्याच वेळात चाकाचा रबरी दात आणि माती ह्यांत भेद राहत नाही. अशा वेळी पुढच्या चाकांसही बळ मिळाले तर गाडी निघते. एक बैलजोडी अडली म्हणजे शेतकरी पुढे दुसरी जोडी जुंपतो, तोच हा न्याय.

परंतु न्याय सोपा असला तरी यंत्र सोपे नाही. पुढचे चाक वळतेही आणि फिरतेही. म्हणून वळलेल्या स्थितीत सारख्या गतीने बळ पोहोचविणारा सांधा तेथे लागतो. ह्या सांध्यानेच पहिल्या कारागिरांस फार छळले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात क्लिंटनव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे यंत्रकामाचे दुकान चालविणारे ओटो झाकाव आणि विल्यम बेसर्डिक ह्या दोघा मेहुण्यांनी १९०८ साली ह्या कामाचे पेटंट मिळविले, आणि पुढे त्यातून निघालेल्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने गेले. हा तपशील आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ज्या यंत्राकडे आज आपण मोठ्या कारखान्यांची करणी म्हणून पाहतो, त्याचा जन्म खेड्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात झाला आहे. तेव्हा ते यंत्र पुन्हा तसल्याच दुकानात येऊन नवा जन्म घेते, ह्यात नवल कसले?

दुसऱ्या महायुद्धाने ह्या वाहनास जगभर नेले. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने एका हलक्या चौचाकी गाडीची मागणी केली आणि नमुना सादर करण्यास अवघे एकूणपन्नास दिवस दिले. पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम ह्या लहान कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट ह्या अभियंत्याच्या हातून तो नमुना करविला व २३ सप्टेंबर १९४० रोजी तो सैन्याच्या हवाली केला. बँटमची ऐपत लहान, म्हणून मोठी कामे विलिस आणि फोर्ड ह्या कंपन्यांकडे गेली. ह्या गाडीलाच पुढे जग जीप म्हणू लागले. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांच्या जोडीला कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोलेट ह्यांनी एकाच लष्करी नमुन्यावर बांधलेले चार लाखांहून अधिक ट्रक होते. हे ट्रक सुट्या भागांच्या पेट्यांत भरून जहाजांनी हिंदुस्थानात येत, आणि मुंबईत त्यांची जोडणी होई. शिवडीस जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ पासूनच चालू होता. युद्धकाळात तो ह्या कामास लागला.

युद्धासाठी घडलेल्या वाहनाचा एक विशेष आहे, व त्यावरच आमच्या विषयाची सारी मदार आहे. असे वाहन दीर्घायुष्यासाठी घडत नाही. ते लवकर घडावे, पेटीत मावावे, आणि मोडल्यास रणांगणावर, साध्या हत्यारांनी, साधारण शिकलेल्या शिपायाच्या हातून पुन्हा चालू व्हावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. म्हणून त्याचे भाग एकमेकांत बदलता येतील असे केलेले असतात. विलिसची जीप आणि फोर्डची जीप ह्यांचे भाग परस्परांत बसत. फोर्डने आपल्या भागांवर एफ हे अक्षर उठविले होते, एवढीच काय ती ओळख. ज्या गुणाने वाहनास रणांगणावर उभे राहता यावे म्हणून तो गुण त्यास दिला, त्याच गुणाने ते शांततेत पन्नास-पन्नास वर्षे टिकले. थोड्या दिवसांसाठी केलेली वस्तू दीर्घायुषी ठरली, ती दुरुस्त करता येते म्हणून!

युद्ध संपल्यावर ही सारी वाहने जेथल्या तेथे उभी राहिली. आसामातून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे जाणाऱ्या लेडो रस्त्यावर ज्यांनी सामान वाहिले, ती वाहने परत अमेरिकेस नेणे परवडणारे नव्हते. पुष्कळशी भारत सरकारच्या डिस्पोजल खात्यामार्फत विकली गेली, आणि डिस्पोजलचा माल हा शब्द त्या काळी मध्यमवर्गीय घरांतही रुळला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे १९३२ साली निजामाच्या रेल्वेने सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्त्यावरील वाहतूक सुरू केली होती. परंतु मुख्य रस्ता सोडून आत गेले की बैलगाडीशिवाय उपाय नसे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापुराहून नळदुर्गाच्या वाटेने आणि इतर दिशांनी हैदराबाद संस्थानात शिरल्या व १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. त्या फौजांच्या ताफ्यांतील जीपा व ट्रक हे दुसऱ्या महायुद्धातलेच होते. मराठवाड्यातील कित्येक खेड्यांनी चारही चाकांनी चालणारी गाडी प्रथम पाहिली असेल ती मुक्तीच्या त्या पाच दिवसांत.

येथे एक उपप्रकरण सांगणे अवश्य आहे. कारण पुनर्घटना म्हणजे केवळ रंगरंगोटी नव्हे, हा धडा ह्या देशास फार लवकर आणि फार महागात मिळाला. १९४८ साली काश्मिरातील लढाईसाठी जीपांची तातडीने गरज होती. लंडनमधील आपल्या उच्चायुक्तालयाने एका विदेशी व्यापाऱ्याशी सुमारे ऐंशी लाख रुपयांचा करार केला. गाड्या नव्या नव्हत्या. दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या, अशा त्या यावयाच्या होत्या. प्रत्यक्षात १५५ गाड्या मद्रासच्या बंदरात उतरल्या आणि सैन्याने त्या निरुपयोगी म्हणून नाकारल्या. चौकशी समिती बसली, संसदेत वादळे उठली, आणि ३० सप्टेंबर १९५५ रोजी सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. राजकारणाचा भाग इतिहासकारांकडे सोपवू. आमच्या विषयापुरता अर्थ असा की, जुन्या वाहनाची किंमत त्याच्या वयावर ठरत नाही. ती कोणी, कशी आणि किती प्रामाणिकपणे ते उघडून पुन्हा बांधले ह्यावर ठरते. आणि वरच्या रंगावरून ते कळत नाही.

त्याच वर्षांत मुंबईत दुसरे एक काम शांतपणे चालले होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लरच्या घराण्यातील डॉज आदी वाहने बाहेर पडू लागली. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद ह्यांनी महिंद्र अँड महंमद ही पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले व पुढे गव्हर्नर-जनरलही. इकडे १९४८ साली पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. ह्या कंपनीने माझगाव येथे विलिस जीपांची जोडणी सुरू केली आणि पुढे त्यांचे संपूर्ण उत्पादन येथेच होऊ लागले. जीपेचा मूळ सांगाडा व घडण ह्या कंपनीने कित्येक दशके फारशी बदलली नाही. परदेशी लेखक ह्याला मागासलेपणा म्हणतात. परंतु ह्या मागासलेपणाचा एक गुण त्यांच्या ध्यानात आलेला नाही. १९४५ च्या गाडीला लागणारा भाग १९८० सालीही बाजारात नवा मिळू शकला, आणि त्यामुळे तालुक्याच्या गावी बसलेल्या मिस्त्र्यास युद्धातील गाडी जिवंत ठेवणे शक्य झाले. पुढे जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान हा चारही चाकांचा ट्रक १९५९ पासून निघू लागला, आणि १९६९ पासून जपानी निसानच्या नमुन्यावर जोंगा निघाली. सैन्याने काढून टाकल्यावर हीही वाहने लिलावांतून नागरिकांकडे आली. अशा रीतीने प्रत्येक पिढीस आपापले डिस्पोजल मिळत गेले.

आता असे एखादे वाहन लिलावातून आल्यावर त्याचे पुढे काय होते, ते क्रमाने पाहू. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही, त्यांस ते केवळ ठोकाठोकीचे वाटते. म्हणून थोडा तपशील देतो.

आरंभ सांगाड्यापासून होतो. सर्व वरची बांधणी उतरवून लोखंडी चॅसिस उघडी केली की मिस्त्री सुतळी घेतो आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजतो. मग दुसऱ्या बाजूचे मोजतो. दोन्ही कर्ण सारखे भरले तर सांगाडा सरळ. न भरले तर गाडी कधीतरी उलटली वा धडकली आहे हे उघड होते. ही भूमिती आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पुष्कळ मिस्त्री ती शाळेवाचून शिकलेले असतात. नंतर पाट्यांच्या आधाराजवळ आणि रिव्हेटांच्या भोवती तडे शोधावयाचे, कारण लोखंड प्रथम तेथे थकते.

मग इंजिन. सिलिंडर झिजून लंबवर्तुळाकार होतात. त्यांना पुन्हा गोल करावयाचे, अंमळ मोठे पिस्टन घालावयाचे, आणि मोठे करण्याची मर्यादा संपली की आत नवी नळी बसवावयाची. क्रँकचा दांडा इंचाच्या हजाराव्या दहा-दहा भागांनी घासून तितक्याच जाड बेअरिंगांशी जुळवावयाचा. पुष्कळदा मूळचे पेट्रोलचे इंजिनच काढून डिझेलचे बसविले जाते. मद्रासच्या सिंप्सन कंपनीत पर्किन्सची डिझेल इंजिने १९५० नंतर बनू लागली, तेव्हापासून हा बदल सोपा झाला. आणि १९७३ साली जगात तेल महागल्यावर तो बहुतेकांस अपरिहार्य वाटला. परंतु डिझेलचे इंजिन जड असते, त्याचे हादरे मोठे असतात, आणि ते कमी फेऱ्यांत अधिक जोर देते. म्हणून ते बसवावयाचे तर त्याचे आधार बदलावे लागतात, पुढचे पाटे वाढवावे लागतात, आणि ब्रेकही त्या मानाने भक्कम करावे लागतात. एक भाग बदलला की त्याच्या नात्यागोत्यातील सगळेच बदलावे लागतात. जाणता मिस्त्री आणि उतावळा मिस्त्री ह्यांतील फरक तो हाच.

चौचाकी जुंपणीत तर हा नियम अधिकच कडक होतो. पुढच्या आणि मागच्या आसांतील दातेरी चाकांचे प्रमाण एकच असले पाहिजे. समजा मागचा आस मोडला, आणि मालकाने भंगाराच्या बाजारातून दुसऱ्या ट्रकाचा आस स्वस्त मिळाला म्हणून आणून बसविला. दिसावयास तो अचूक बसेल, साध्या रस्त्यावर गाडीही चालेल. परंतु चिखलात जाऊन चारही चाके जुंपली की पुढची चाके एका गतीने आणि मागची दुसऱ्या गतीने फिरू पाहतील, आणि मधली गिअरपेटी त्या ओढाताणीत फुटेल. अगदी योग्य आस असले तरी कोरड्या डांबरी रस्त्यावर ही जुंपणी सोडावी लागते. कारण वळणावर पुढची चाके मागच्यांहून अधिक अंतर कापतात, आणि घसरण्यास जागा नसल्यामुळे तो ताण दात्यांवर येतो. दात्यांच्याही जोड्या असतात. वर्षानुवर्षे एकमेकांवर झिजलेली चाके परस्परांस ओळखतात. त्यांतील एक नवे आणि एक जुने बसविले तर दोन्ही आवाज करतात आणि दोन्ही लवकर जातात.

हे सारे एका दमात होत नाही. लिलावाच्या दिवशी हाती असलेला पैसा सांगाड्यावर आणि इंजिनावर संपतो. पुढच्या सुगीपर्यंत गाडी तशीच विटांवर उभी राहते. हवा तो सांधा मुंबईच्या वा हैदराबादच्या बाजारात सापडेपर्यंत वर्ष जाते. पत्र्याचे काम सुरू होते तो पाऊस येतो, आणि घासून लख्ख केलेला पत्रा एका रात्रीत तांबडा होतो. अशी तीन-चार वर्षे गेली म्हणजे गाडी उभी राहते. घरातील मंडळी त्या खर्चास नावे ठेवतात. परंतु गाडी फाटकाबाहेर पहिल्यांदा आपल्या बळाने निघते तेव्हा तीच मंडळी नारळ घेऊन पुढे होतात.

आता ही गाडी मूळची राहिली काय? येथेच आमच्या विषयाचा गाभा आहे. जुन्या वाहनांच्या भक्तांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, प्रत्येक खिळा मूळचा हवा, रंगही सैन्याने दिला तोच हवा. दुसरा म्हणतो, गाडी वापरासाठी आहे. तिच्याकडून आज जे काम घ्यावयाचे त्यास अनुरूप ती झाली पाहिजे. आपल्या भागात दुसऱ्या पंथाचे अनुयायी अधिक, आणि त्याचे कारण हौस नसून गरज आहे. बीड जिल्ह्यास दुष्काळ नवा नाही. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीस आठवतो. २०१३ च्या आरंभी पाण्याअभावी परळीचे वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. आणि २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा वर्षांत जो जुना ट्रक काल विटा वाहत होता, त्याच्या पाठीवर टाकी चढते आणि तो पाणी वाहू लागतो.

परंतु ह्याच उदाहरणाने रूपांतराचा धोकाही कळतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तीन टनांसाठी बांधलेल्या ट्रकावर सहा हजार लिटरांची टाकी चढविली, तर त्याच्यावर दुप्पट ओझे पडते, आणि उतारावर ब्रेकांनी हात टेकले तर दोष ब्रेकांचा नसतो. टाकी अर्धी भरलेली असली तर पाणी वळणावर एका अंगास धावते आणि गाडीस आपल्यासंगे ओढते. म्हणून टाकीच्या आत आडवे पडदे घालावे लागतात. चांगला मिस्त्री ते घालतो. हलका मिस्त्री पत्रा वाचवितो. बाहेरून दोन्ही टाक्या सारख्याच दिसतात. मद्रासच्या बंदरातील १५५ जीपांची गोष्ट येथे पुन्हा आठवावी.

म्हणूनच कायद्याने ह्या कामात लक्ष घालावे हे योग्यच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुराण्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची, आणि सांगाडा, बांधणी व इंजिन ह्यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा प्रवासी मोटार ह्यांस तेथे ऐतिहासिक वाहनाचा मान मिळतो, व त्यांच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. माल वाहणारा ट्रक त्या व्याख्येत मुळीच बसत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जुने वाहन दोनच प्रकारचे आहे. एक, श्रीमंताच्या वाड्यात कापडाखाली जपलेले, ज्यास कोणी हात लावला नाही ते. आणि दुसरे, भंगारात घालावयाचे. ज्यास अनेक हातांनी अनेक वर्षे बांधले, ज्याने मुक्तीनंतरच्या पिढ्यांची विटा-माती-पाण्याची वाहतूक केली, त्या तिसऱ्या प्रकारास नाव नाही.

सरकारास पुनर्घटनेचे मोल कळत नाही असेही नाही. आपली एस. टी. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील आपल्या कार्यशाळांत सांगाड्यांवर बसगाड्यांची बांधणी करीत आली आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे प्रवासी मिळेनात तेव्हा तिने माल वाहण्यास आरंभ केला आणि जुन्या बसगाड्यांची आसने काढून त्यांच्या मालगाड्या केल्या. त्या रूपांतरास कोणी बेकायदा म्हटले नाही. कारण ते जाणत्या हातांनी, नोंद ठेवून आणि तपासणी करवून झाले होते. आमचे मागणे ह्याहून अधिक नाही. खाजगी मिस्त्र्याच्या कामासही नोंदीची आणि तपासणीची सोय असावी. प्रत्येक पुनर्घटित वाहनाबरोबर एक पुस्तिका असावी, आणि तीत कोणता भाग केव्हा, कोणी आणि कशाच्या बदली बसविला ते लिहावे. आसांचे प्रमाण, ब्रेकांची कसोटी आणि वाहावयाचे वजन तीत नमूद असावे. आणि जो मिस्त्री काम करतो त्याची सही तीत असावी. त्यायोगे हलके काम करणारा आपोआप उघडा पडेल, आणि चांगले काम करणाऱ्यास प्रथमच आपले नाव कोठेतरी लिहिलेले दिसेल.

कोणी म्हणेल, इतका जुना ट्रक राखण्याचा खटाटोप कशासाठी? त्याचा धूर अधिक, त्याचे तेल अधिक, त्यापेक्षा नवा घ्यावा. ज्यास नवा घेणे शक्य आहे त्याने अवश्य घ्यावा, आणि ज्या जुन्या गाडीचा धूर आवरत नाही तिने रस्त्यावर येऊ नये, हेही आम्ही मान्य करतो. परंतु वापरातून गेलेली वस्तू आणि ज्ञानातून गेलेली वस्तू ह्यांत फरक आहे. जो मिस्त्री सुतळीने चॅसिसचे कर्ण मोजतो, कानाने दात्यांची जोडी ओळखतो, त्याची विद्या पुस्तकांत नाही. ती त्या जुन्या गाड्यांत आणि त्याच्या हातांत आहे. आजच्या गाड्या बंद पेट्यांच्या असतात. पेटी बिघडली की काढून नवी बसवावयाची, उघडावयाची नाही. जुन्या गाड्या नाहीशा झाल्या की उघडून पाहण्याची ही विद्याही त्यांच्याबरोबर जाईल, आणि मग आपण केवळ विकत घेणारे उरू.

अहिल्याबाईंनी जी देवळे उभारली, ती त्यांच्या पूर्वीच्या देवळांच्या हुबेहूब प्रती नव्हत्या. १७८० च्या सुमारास काशीस विश्वेश्वराचे देऊळ त्यांनी बांधविले, वेरुळास घृष्णेश्वराचे बांधविले, ते आपल्या काळच्या गवंड्यांकडून आणि आपल्या काळच्या यात्रेकरूंच्या सोयीसाठी. पूर्वीचा प्रत्येक दगड जागच्या जागी नाही म्हणून हे देऊळ ते नव्हे, असे कोणी म्हणत नाही. पूजा खंडित झाली नाही एवढे लोकांस पुरते. जुन्या वाहनाचा विचारही ह्याच उदार बुद्धीने करावा. त्याचा सांगाडा खरा असावा, त्याचे ब्रेक खरे असावेत, त्याच्या बदलांची नोंद खरी असावी. मग त्याचे इंजिन मद्रासचे असो की टाकी परळीची, त्याने आपले काम करीत राहावे. आणि त्या नोंदीच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर, मालकाच्या नावाआधी, बांधणाऱ्या मिस्त्र्याचे नाव असावे.